सरासरीचं कलम

हुबळीहून सर्व्हेअर आला तेव्हा
मागच्या भिंतीकडची राख अजून ओली होती.
पांढरे बूट त्यानं दारात काढले,
आत बघितलं, आणि परत घातले.

माग मोजले. परत मोजले.
कागदावर चार.
"आरु इदावल्ला, अम्मा?"
"होय, सहा," मी मराठीतच म्हणाले.
आकड्यांना आमच्या खासबागेत दुभाषा लागत नाही.

चार वर्षांमागं चनाप्पा एजंट ओट्यावर बसून
बशीतला चहा फुंकत एकेक कागद उलगडत होता :
ही आयुष्याची. माणूस गेला तर.
ही दवाखान्याची. माणूस राहिला तर.
ही गाडीची. आपली मोडली म्हणून नव्हे,
आपण दुसऱ्याला मोडलं तर.
आणि ही कारखान्याची : आग, वीज, पूर, दंगल.
दंगल म्हणताना आवाज थोडा उतरवला त्यानं.
नोव्हेंबरच्या एक तारखेला
या रस्त्यावरची शटरं अर्धीच वर असतात.

सासरे म्हणाले, चारच लिही.
ते दोन जुने, भंगारातले, त्यांचं काय धरायचं?
सूत? ते तर आज आहे, उद्या नाही. निम्मं लिही.
हप्त्यातले नऊशे रुपये वाचले त्या दिवशी.
घरी कुंदा आला.

ते दोन जुने म्हणजे माझे.
धोटा अडला की मला आधी तळपायात कळायचं,
कानात नंतर.

सर्व्हेअरनं वहीत रेघ मारली,
अलीकडे एक आकडा, पलीकडे एक.
कारखाना नऊ लाखांचा.
सांगितला साडेचारचा.
जळलं तीन लाखांचं.
"मग तीन द्या की," भरमा म्हणाला,
"साडेचारच्या आतलंच आहे."
"निम्मं आम्ही राखत होतो," तो म्हणाला, "निम्मं तुम्ही.
आग लागली ती दोघांच्याही वाट्याला लागली.
दीड."
ह्याला सरासरीचं कलम म्हणतात म्हणे.
पान अकरा, बारीक अक्षरात, इंग्रजीत.
भरमानं पान अकरा काढलं,
उलटं धरलंय हे त्याला बराच वेळ कळलं नाही.

तीन नंबरच्या मागावर एक साडी अर्धी होती,
मोतिया, काठ डाळिंबी, अडीच वार विणलेली.
सर्व्हेअर म्हणाला, सूत म्हणून धरू की साडी म्हणून?
सूत म्हणून धरली.
अडीच वारांची दुपार कुठल्याच खान्यात बसेना.

जळले ते तीन आणि चार.
कागदावर नव्हते ते पाच आणि सहा
नुसते काळवंडले.
गुरुवारी मी तेलाचं फडकं घेऊन बसले.
सासूबाई दारातनं म्हणाल्या, "काय करालीस?"
"बघालोय, चालतंय का."
सहा नंबर आधी कण्हला, मग खटका दिला.
सासरे आतून आले, कुणाशीच काही बोलले नाहीत,
टोपीनं पट्ट्यावरची काजळी झटकली.

दिवाळीनंतर चनाप्पा आला. या वेळी सोफ्यावर.
दीड लाखात इचलकरंजीहून एक माग आणलेला,
वापरलेला, पण दम असलेला.
भरमाच्या आयुष्याचा हप्ता आधी घेतला त्यानं,
पावतीवर वारस म्हणून माझं नाव,
भारतीच्या जागी बारती.
दुरुस्त कर म्हटलं. नाहीतर तो जाईल
आणि मी त्या बारतीला शोधत फिरेन तालुकाभर.
हसला. खोडलं.
"आणि तुमचा?" त्यानं विचारलं.
तुमचा म्हणजे माझा.
उत्पन्नाचा खाना कोरा होता.
सासऱ्यांकडे बघायची सवय आहे, तसं बघितलं.
ते बाहेर बघत होते.
"महिन्याला बारा हजार," मी म्हणाले,
आणि लगेच वाटलं, हेही कमीच सांगितलं.
"चौदा लिही."

मग कारखान्याचा फॉर्म.
"माग किती?" तो ओरडला,
आत सगळे एकदम चालू होते.
मीही ओरडले. त्याला ऐकू गेलं नाही.
म्हणून हात वर केला,
पंजा पूर्ण उघडून,
आणि त्यानं लिहून संपेपर्यंत
तसाच धरला.